थ्रो वाढतो आणि पुन्हा पडतो: सॉफ्टबॉल-बेसबॉलमधलं दरवर्षीचं दुखणं

शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरने) ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून आलेला बॉल, नीट उचलला, जीव खाऊन फेकला, पण बॉल दोन टप्पे खाऊन पहिल्या बेसवर पोचला आणि रनर सेफ, म्हणजे बाद झाला नाही. यावर मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येकाचं निदान एकच असतं: "पोरांच्या हातात ताकदच नाही." मग महिनाभर जोर, डंबेल, वाळू भरलेल्या बाटल्या. थ्रो थोडा सुधारतो, तालुका बरा जातो, जिल्ह्याला हात गळतो आणि पुढच्या जुलैत ये रे माझ्या मागल्या.

परभणी, हिंगोली, नांदेड, बीडकडच्या शाळांतून ही तक्रार सतत ऐकू येते. माझं मत स्पष्ट आहे. ताकद या मुलांत आहे. सकाळी डोक्यावर एक आणि कडेवर एक हंडा घेऊन हापशावरून घरी येणाऱ्या मुलीला अशक्त म्हणणं अन्यायाचं आहे. तिची ताकद बॉलपर्यंत पोचत नाही. वाटेत कुठेतरी गळते, आणि गळती कुठे आहे ते न बघता आपण दंड मजबूत करत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून आधी गळती शोधायची, व्यायाम नंतर.

आधी मोजा

वेग मोजणारी रडार गन कुणाकडे नसते आणि तिची गरजही नाही. टेपने २० मीटर मोजा, एका टोकाला फेकणारा आणि दुसऱ्या टोकाला झेलणारा. मोबाइल बाजूला लांब, दोघंही चौकटीत येतील असा ठेवा आणि स्लो मोशनमध्ये शूट करा. बॉल हातातून सुटल्यापासून ग्लोव्हमध्ये जाईपर्यंतच्या फ्रेम मोजा. सेकंदाला २४० फ्रेमचं सेटिंग असेल आणि बरोबर २४० फ्रेम लागल्या तर बॉलला १ सेकंद लागला, म्हणजे सरासरी वेग ताशी ७२ किलोमीटर. २१६ फ्रेम लागल्या तर ताशी ८०. प्रत्येक मुलाचा आकडा वहीत तारखेसह लिहा. "आधीपेक्षा बरा वाटतो" या वाटण्यावर वर्षानुवर्षं काढल्यामुळेच हे दुखणं दरवर्षी नव्याने सुरू होतं.

आता खरी चाचणी. एकाच मुलाकडून चार प्रकारे फेकून घ्या: फेकत्या बाजूचा गुडघा जमिनीवर टेकवून, उभं राहून पाय न हलवता, एक पाऊल टाकून, आणि दोन-तीन पावलं येऊन उडी घेत. गुडघ्याखाली पोत्याची घडी द्या, मुरुमावर गुडघे सोलतात. प्रत्येक प्रकारचे तीन-तीन थ्रो घेतले की चित्र साफ दिसतं. गुडघ्यावरचा आणि पळत येऊन केलेला थ्रो जवळजवळ सारखाच असेल, तर पाय आणि कंबर काहीच देत नाहीत. गुडघ्यावरचाच थ्रो मेलेला असेल, तर पकड किंवा हाताचा मार्ग बिघडलेला आहे. चारही चांगले पण दहाव्या-पंधराव्या थ्रोनंतर पडत असतील, तर खांद्यामागचे स्नायू दमतात. आणि चारही शेवटपर्यंत चांगले असूनही रनर सेफ होत असतील, तर दोष थ्रोच्या आधीच्या क्षणात आहे.

पाय आणि कंबर काहीच देत नाहीत

मी पाहिलेल्या मुलांमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी गळती हीच, म्हणून इथे जरा थांबू.

ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा माणूस आठवा. दगड सुसाट सुटतो तो दोरीतून, पण वेग येतो रोवलेल्या पायातून आणि फिरलेल्या कमरेतून. थ्रोमध्ये आपला हात ही ती दोरी आहे. जमिनीला दिलेला रेटा पायातून कमरेत, कमरेतून धडात, धडातून खांद्यात, मग कोपरात आणि मनगटात जातो. आधीचा भाग थांबला की पुढचा जास्त वेगाने सुटतो. हे थांबणं महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे शिकवताना ढकलणं शिकवतात आणि थांबणं राहून जातं.

थांबवण्याचं काम पुढच्या पायाचं. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय जमिनीवर पडला की तो रुतून बसला पाहिजे. तो घसरला किंवा गुडघ्यात मऊ होऊन पुढे वाकत गेला, की मागून आलेला सगळा वेग तिथेच सांडतो.

हे तपासायला कॅमेराही लागत नाही. फेकण्याच्या जागी हातभर पट्ट्यात बारीक माती पसरा, वर थोडं पाणी शिंपडा, आणि लक्ष्यापासून त्या पट्ट्यापर्यंत चुन्याची सरळ रेघ मारा. मुलाला फेकू द्या आणि मग बॉलकडे न बघता ठसा बघा. ठसा बुटाएवढाच आणि काठ स्वच्छ असेल तर पाय रोवला गेला. ठशाच्या मागे वीतभर खरवड दिसली तर पाय घसरला. डाव्या पायाचा ठसा रेघेच्या बराच डावीकडे पडला असेल, तर मुलाचं अंग लक्ष्याकडे आधीच उघडतं आणि कंबर वेळेआधी संपते. ठसा रेघ ओलांडून उजवीकडे पडला असेल, तर तो स्वतःच्या अंगावरून फेकतो, कमरेला फिरायला जागाच उरत नाही. पंजा लक्ष्याच्या दिशेला, किंचित आत वळलेला, हा चांगला ठसा. मुलांना हे फार पटकन कळतं, कारण पुरावा त्यांच्या पायाखाली असतो. चार दिवसांत ती एकमेकांचे ठसे तपासायला लागतात.

घसरण्याचं कारण पुष्कळदा तंत्रात नसतंच. पावसाळ्यात काळी माती तळव्याला चिकटून बुटाचा गोळा होतो, दिवाळीनंतर मुरुमावरची खडी सुटी होऊन पाय सरकतो, आणि निम्म्या मुलांच्या कॅनव्हास बुटांचे तळवे गुळगुळीत झालेले असतात. सगळ्यांना स्टडचे बूट घ्यायला पैसे नसतील तर फिल्डरांच्या उभं राहण्याच्या जागा तरी आदल्या दिवशी झाडून, पाणी मारून, धुम्मसने ठोकून घ्या. या एका कामाने थ्रो सुधारलेले मी पाहिले आहेत.

पाय रोवला जात असूनही जोर येत नसेल तर छाती बघा. मोबाइल मुलाच्या समोरच्या बाजूला, म्हणजे ज्या बाजूला छाती वळलेली आहे तिकडे, कमरेच्या उंचीवर धरा आणि पुढचा पाय टेकतो ती फ्रेम थांबवा. त्या क्षणी कंबर लक्ष्याकडे वळायला लागलेली हवी, पण छाती अजून बाजूलाच हवी, आणि फेकता हात वर, कोपर खांद्याच्या आसपास. छाती आधीच लक्ष्याकडे वळली असेल तर पुढचं सगळं काम एकट्या हाताला करावं लागतं. आणि पाय टेकतानाही हात मांडीजवळ लोंबत असेल तर हात उशिरा आहे. तो मग घाईने पुढे ओढला जातो आणि त्याचा भार कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. असे मुलगे जोरात फेकतही असतील, पण त्यांची कोपरं पुढच्याच हंगामात कुरकुरतात. यावर साधा उपाय म्हणजे ग्लोव्हमधून बॉल लवकर काढणं. दोन्ही हात एकाच वेळी वेगळे व्हायला हवेत, एक पुढे आणि एक मागे. ग्लोव्हचा हात खाली टाकून देणाऱ्या मुलाला तो छातीशी आवळून घ्यायला सांगा.

गुडघ्यावरचाच थ्रो कमजोर

इथे दोन गोष्टी बघायच्या, पकड आणि क्रिकेट.

सॉफ्टबॉलचा घेर १२ इंच. सहावी-सातवीच्या मुलीच्या हातात तो मावत नाही, म्हणून ती तो तळहातात घट्ट दाबून धरते, आणि तळहातात बसलेल्या बॉलला मनगट झटका देऊ शकत नाही. बॉल बोटांवर धरायचा, शिवणीला आडवा. दोन बोटांत मावत नसेल तर तीन किंवा चार बोटं वर ठेवली तरी चालतील, अंगठा खाली. धरल्यावर बॉल आणि तळहात यांच्यामधून तुमचं एक बोट जायला हवं. मिळाला तर ११ इंची बॉल लहानांना द्या.

पकड बरोबर आहे का हे बॉलच सांगतो. इलेक्ट्रिशियनची रंगीत टेप बॉलभोवती एक फेर गुंडाळा, त्या पट्ट्यावर बोटं ठेवून फेका. हवेत पट्टा सरळ उभा दिसला तर बॉल स्वच्छ मागे फिरतोय आणि तो लांब टिकेल. पट्टा डगमगला किंवा तिरका झाला तर बोटं बाजूने सरकत आहेत.

आता क्रिकेट. आपली जवळजवळ सगळी मुलं टेनिस बॉलच्या क्रिकेटमधून येतात. टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास, तो नुसत्या कोपराच्या झटक्यानेही सीमारेषेवरून येतो. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅम आणि सॉफ्टबॉल १७७ ते १९८ ग्रॅम, म्हणजे अडीच ते साडेतीन पट वजन. तोच कोपराचा झटका या बॉलवर चालत नाही, आणि जबरदस्तीने चालवला तर दुखतो. गल्लीत क्रिकेट खेळू नका असं सांगून काही होत नाही, ती खेळणारच आणि खेळावं. पण मैदानावर आल्यावर पहिले दहा-पंधरा थ्रो जवळून, सावकाश, पूर्ण अंग वळवून करून घ्या म्हणजे शरीराला बॉल बदलल्याचं कळेल.

दहा थ्रो चांगले, मग हात गळतो

हात पुढे नेण्याइतकंच त्याला थांबवणं कठीण असतं. मोठ्या दर्जाच्या बेसबॉल पिचरचा, म्हणजे फलंदाजाला बॉल टाकणाऱ्याचा, खांदा थ्रोच्या वेळी सेकंदाला सुमारे ७००० अंश इतक्या वेगाने आत फिरतो. तो वेग आवरण्याचं काम खांद्यामागच्या आणि पाठीच्या पात्याभोवतीच्या लहान स्नायूंचं. आपले नेहमीचे जोर आणि डंबेल पुढचे स्नायू वाढवतात, मागच्यांना फारसं काही मिळत नाही. ब्रेक कमजोर असेल तर शरीर आपणहून वेग कमी करतं, मुलाने कितीही जीव लावला तरी.

सायकलची जुनी ट्यूब कापून खिडकीच्या गजाला बांधा. कोपर बरगडीला लावून, काटकोनात ठेवून, हात बाहेरच्या बाजूला ओढायचा. मग दोन्ही हातांनी ट्यूब छातीकडे ओढत पाठीची पाती जवळ आणायची. प्रत्येकी १२-१५ वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. त्याच्या जोडीला पायांसाठी बैठका, एका पायावरच्या बैठका, लांब पाऊल टाकून खाली बसणं. आणि फिरण्यासाठी एका फुटलेल्या बास्केटबॉलमध्ये वाळू भरून, शिवून, दोन किलोच्या आसपास वजन करा आणि शाळेच्या भिंतीवर कमरेतून वळून फेका, दोन्ही बाजूंनी, आठ-आठ वेळा. खूप थ्रो झालेल्या दिवशी हे करू नका.

गोळाफेकीचा गोळा किंवा जड बॉल थ्रोसारखा फेकून हात तयार होतो, हा समज मात्र सोडून द्या. अमेरिकेत १३ ते १८ वयाच्या पिचरांना सहा आठवडे वजनदार बॉल फेकायला लावून केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वेग ३.३ टक्के वाढला, पण त्या गटातल्या २४ टक्के मुलांच्या कोपराला दुखापत झाली. ताशी ७० किलोमीटरच्या थ्रोला ही वाढ जेमतेम सव्वादोन-अडीच किलोमीटरची. तेवढ्यासाठी चारातल्या एका मुलाचं कोपर पणाला लावायचं का?

जुलैत चांगला, नोव्हेंबरात संपला

थ्रो दरवर्षी परत पडण्याचं सगळ्यात मोठं कारण मला आपल्या कॅलेंडरमध्ये दिसतं. स्पर्धेचं पत्र शाळेत आलं की सराव सुरू होतो, आणि पहिल्याच दिवशी मुलं तिसऱ्या बेसवरून पहिल्यावर पूर्ण जोराने फेकतात. सात-आठ महिने हातात बॉल नसतो, मग तीन आठवड्यांत शेकडो थ्रो. त्यातच ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी. दिवसभर वाकून वेचणी केलेल्या मुलीचा थ्रो संध्याकाळी पडला तर तिला ओरडू नका, त्या दिवशी तिला फक्त बेसवरचं काम द्या. बीड जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या ऊसतोड कुटुंबांतली मुलं तर दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. परतलेल्या मुलाला जुन्या जागेवर उभं करून "दाखव पूर्वीसारखा थ्रो" म्हणणं म्हणजे दुखापतीला आमंत्रण.

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉलच्या 'पिच स्मार्ट' मार्गदर्शनात लहान पिचरांनी वर्षातून किमान चार महिने फेकणं बंद ठेवावं, त्यातले दोन-तीन महिने सलग, असं सांगितलं आहे. विश्रांतीची आपल्याकडे कमतरता नाही. विश्रांतीनंतरचा चढ आपल्याकडे नाही. म्हणून पत्राची वाट न बघता शाळा उघडली की जूनमध्येच सुरू करा: एक दिवसाआड, १० मीटरवरून सैल हाताने, २५-३० थ्रो. आठवड्याने १५ मीटर, मग २०, मग ३०. दुखलं नाही तरच पुढचं अंतर, दुखलं तर मागचं. पाचव्या-सहाव्या आठवड्याआधी पूर्ण जोर नाही. हाच चढ ऊसतोडीहून आलेल्या मुलालाही द्या, मग तो संघातला सगळ्यात चांगला खेळाडू का असेना.

बेसबॉलच्या पिचरांसाठी त्याच मार्गदर्शनात दिवसाची कमाल मर्यादा दिली आहे: ११-१२ वयाला ८५ पिच, १३ ते १६ ला ९५, १७-१८ ला १०५. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा जास्त पिच टाकले तर पुढे चार दिवस पिचिंग नाही. एकाच दिवसात तीन सामने उरकणाऱ्या आपल्या स्पर्धांत हे पाळायचं तर दुसरा-तिसरा पिचर तयार हवाच. पिचिंग करून आलेल्या मुलाला त्याच सामन्यात कॅचर, म्हणजे फलंदाजामागे झेलणारा, म्हणून बसवू नका. सॉफ्टबॉलचा पिच खालून जातो म्हणून खांद्याला काही होत नाही, हेही खरं नाही. विंडमिलमध्ये, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून टाकलेल्या पिचमध्ये, खांद्याच्या पुढच्या बाजूला मोठा ताण येतो.

"सर, कोपर दुखायलंय"

हे वाक्य ऐकलं की थ्रो बंद. वाढीच्या वयात कोपराच्या आतल्या बाजूला आणि खांद्याजवळ हाडाची वाढ होण्याची जागा स्नायूबंधांपेक्षा कमजोर असते, आणि वारंवार फेकल्याने इजा तिथेच होते. थंड स्प्रे मारून, गोळी देऊन किंवा नस बसवणाऱ्याकडे नेऊन मुलाला फायनल खेळवू नका. जिल्हा रुग्णालयात हाडाच्या डॉक्टरांना दाखवा आणि "हा बॉल फेकणारा खेळाडू आहे" हे आवर्जून सांगा. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी पालकांचा आग्रह असतो, तो समजण्यासारखा आहे, पण इथे प्रशिक्षकाने ठाम राहिलं पाहिजे.

सरावात जोर, सामन्यात रनर सेफ

आधी वॉर्मअप बघा. मुलं सकाळी आठला मैदानावर येतात, सामना लागतो साडेअकराला, मधला वेळ लिंबाखाली बसून. थंड झालेला हात मैदानात जातो. प्रत्येक सामन्याआधी धावणं, हात फिरवणं, ट्यूब आणि जवळून दूर जाणारे थ्रो पुन्हा करायचेच, सकाळी केले असले तरी. पाणी आणि चिमूटभर मीठ-साखर बरोबर ठेवा.

तरीही रनर सेफ होत असेल तर वेळेचा हिशेब करा. सॉफ्टबॉलमध्ये तिसऱ्या बेसवरून पहिल्या बेसचं अंतर २५.८६ मीटर. ताशी ७० किलोमीटरने गेलेल्या बॉलला १.३३ सेकंद लागतात, ताशी ८० ने १.१६. फरक ०.१७ सेकंदाचा, तेवढ्यात सेकंदाला सात मीटर पळणारी रनर सव्वा मीटरही पुढे जात नाही. तेच ग्लोव्हमधून बॉल काढायला ०.३ सेकंद जास्त लागले तर ती दोन मीटर पुढे गेलेली असते. वेग ताशी दहा किलोमीटरने वाढवायला वर्ष-दोन वर्षं जातात, बॉल काढण्यातला उशीर काही आठवड्यांत कमी होतो. रोज पाच मिनिटं जोडीजोडीने, दहा मीटरवरून, बॉल आला की लगेच काढून परत, कोण जास्त वेळा करतो ते मोजत. ग्राउंडर उचलतानाच पावलं लक्ष्याकडे वळायला लागली पाहिजेत, उचलून सरळ उभं राहून मग वळायचं नाही. उंच कमानीच्या थ्रोऐवजी एक टप्पा घेऊन छातीवर येणारा सपाट थ्रो शिकवा. आणि सरावात स्टॉपवॉच बॉल हातातून सुटल्यावर सुरू करू नका, बॉल फिल्डरच्या ग्लोव्हला लागला त्या क्षणी सुरू करा आणि बॉल पहिल्या बेसवर पोचला की थांबवा.